हिशेबनीस लिओ फेंडर

इलेक्ट्रिक गिटारचा विषय निघाला की फेंडर हे नाव निघतेच. ज्यांना पेटीवर सा धड लावता येत नाही अशा आमच्या काही मित्रांच्या बनियनवरही ते ऐटीत झळकत असते. हे एका कंपनीचे नाव आहे हे बहुतेकांना ठाऊक असते. ते एका माणसाचे आडनाव आहे हे थोड्यांना ठाऊक असते. आणि तो माणूस तुमच्याआमच्यासारखा कॉमर्सचा विद्यार्थी होता, पोटासाठी कीर्द-खतावण्या लिहीत होता, हे तर क्वचितच कोणी सांगते.

मी त्याच्याकडे वळलो तो गिटारच्या नादाने नव्हे. जुन्या तबकड्या ऐकणारे आम्ही पाचसहा जण आहोत आणि आमच्यात एक वाद वरचेवर रंगतो. व्हॉल्व्हचा आवाज गोड, यावर सर्वांचे एकमत. पण घरगुती हाय-फायसाठी बनवलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा. मग एखाद्या वाद्यवृंदवाल्याचा जुना गिटार ॲम्प्लिफायर मिळवावा आणि त्यालाच रेकॉर्ड प्लेअर जोडावा, तर बिघडले कुठे? आत व्हॉल्व्ह तेच, ट्रान्सफॉर्मरही तसाच! या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला लिओ फेंडरचे चरित्र हाती लागले, आणि उत्तरापेक्षा चरित्रातच मी अधिक रमलो.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर हे त्याचे पूर्ण नाव. जन्म १० ऑगस्ट १९०९. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम आणि फुलर्टन ही दोन शेजारची गावे. त्या भागात त्याच्या आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आठ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवण्यात आला. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच कारणाने तो सैन्यात गेला नाही.

त्याचा एक मामा मोटारींच्या विजेच्या सामानाचे दुकान चालवी. लिओ तेरा-चौदा वर्षांचा असताना मामाने त्याला मोडक्या रेडिओंचे सुटे भाग आणि एक बॅटरी एका खोक्यात घालून पाठवली. पुढच्या वर्षी लिओ त्या दुकानात गेला, तेव्हा मामाने स्वतः जुळवलेला एक रेडिओ दुकानापुढे ठेवला होता आणि त्याच्या कर्ण्यातून रस्त्यावर मोठ्याने संगीत वाहत होते. त्या मोठ्या आवाजाने मुलाला भारून टाकले. बागाईतदाराचा मुलगा त्यानंतर घरच्या घरी रेडिओ दुरुस्त करू लागला. पियानो शिकून पाहिला, सॅक्सोफोन वाजवून पाहिला. गिटार मात्र तो आयुष्यभर शिकला नाही. ज्याने जगाला गिटार दिली त्याला ती सुरात लावताही येत नसे!

१९२८ साली हायस्कूल संपवून तो फुलर्टनच्या ज्युनिअर कॉलेजात गेला आणि विषय घेतला हिशेबशास्त्राचा. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही अभ्यासक्रम त्याने कॉलेजात पुरा केला नाही. सायन्सच्या मित्रांनी हे वाक्य कृपया दोनदा वाचावे.

नोकरी लागली ती एका बर्फाच्या कंपनीत. आधी बर्फ पोहोचवण्याचे काम, मग हिशेब लिहिण्याचे. त्याच काळात एका बँडच्या प्रमुखाने नाचाच्या कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकरची यंत्रणा बनवून मागितली आणि लिओने असे सहा संच तयार करून दिले. १९३४ मध्ये एस्थर क्लोस्की हिच्याशी त्याचे लग्न झाले. पुढे राज्याच्या रस्ते खात्यात हिशेबनिसाची जागा मिळाली. सरकारी नोकरी म्हणजे आपल्याकडच्या समजुतीप्रमाणे आयुष्याची ददात मिटली. पण ते दिवस जागतिक महामंदीचे होते. खात्यातली जागाच रद्द झाली. नंतर एका टायर कंपनीच्या हिशेब विभागात चिकटला, तर सहा महिन्यांत इतर हिशेबनिसांबरोबर त्यालाही नारळ मिळाला.

आमच्या वर्गात कॅम्पस मुलाखतींच्या दिवसांत जी चेहऱ्यांची रांग दिसते ती पाहिली की मला या टायर कंपनीची आठवण होते. तिशीच्या जवळ आलेला, लग्न झालेला, एका डोळ्याचा बेकार हिशेबनीस. १९३८ मध्ये त्याने सहाशे डॉलर उसने घेतले आणि फुलर्टनला परत येऊन रेडिओ दुरुस्तीचे दुकान उघडले.

दुकान चालू लागले. रेडिओ दुरुस्त करायचे, तबकड्या विकायच्या, लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. हळूहळू वादक मंडळी आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन येऊ लागली. इथे मला वाटते त्याचे खरे कॉलेज सुरू झाले. नवे यंत्र बनवणाऱ्याला ते कुठे मोडेल हे कळत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला रोज तेच दिसते. कोणता सांधा सुटतो, कोणता कंडेन्सर गळतो, गाडीच्या टपावरून नेताना काय निखळते, याची सगळी टाचणे त्याच्या टेबलावर आपोआप जमा झाली.

ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळचा रेडिओ अजून आहे त्यांना व्हॉल्व्ह म्हणजे काय हे सांगायला नको. बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट थांबायचे, आत केशरी उजेड दिसू लागला की मग धारवाड किंवा सांगली केंद्र बोलू लागायचे. निर्वात काचनळीतली तार तापते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे धावतात. मध्ये एक जाळी असते. सुईकडून किंवा गिटारच्या तारेकडून आलेला क्षीण विद्युतदाब या जाळीवर दिला की ती पाटाच्या दारासारखी काम करते. दार बोटाने हलवावे आणि पाण्याचा लोंढा कमीजास्त व्हावा, तसा लहान संदेश मोठा होतो. शेवटच्या टप्प्यातले जोरकस व्हॉल्व्ह हा लोंढा आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्फत स्पीकरला पोहोचवतात. या शेवटच्या टप्प्याला पॉवर ॲम्प्लिफायर म्हणतात, आणि आमचा वाद होता तो याच भागाबद्दल.

महायुद्ध संपता संपता, १९४५ च्या सुमारास, लिओने डॉक कॉफमन या वादक-कारागिराबरोबर भागीदारी केली. ते दोघे हवाईयन गिटार आणि त्यांना जोडायचे छोटे ॲम्प्लिफायर बनवीत. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची ही गिटार आपल्याकडेही अनोळखी नाही. व्हॅन शिपले यांनी हिंदी चित्रपटगीते तिच्यावर वाजवली आणि त्यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. कॉफमनला कर्जाची धास्ती होती, तो १९४६ मध्ये बाजूला झाला. लिओने आपली स्वतःची फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी सुरू केली. विक्रीची बाजू डॉन रँडल या तरबेज माणसाने सांभाळली. स्वतः हिशेबनीस असूनही लिओने विक्री आपल्या अंगावर घेतली नाही, ही मला मोठी शहाणपणाची गोष्ट वाटते. सुरुवातीच्या ओढाताणीत एस्थरच्या टेलिफोन कंपनीतल्या पगाराचा मोठा आधार होता. अशा पगारांची नोंद कोणत्याच ताळेबंदात भांडवल म्हणून होत नाही.

त्याचे पहिले ॲम्प्लिफायर पाहिले तर त्यात चमत्कार काही नाही. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या आपल्या पुस्तिकांत नमुन्याच्या जोडण्या छापत असत. त्या त्याने घेतल्या आणि साध्या केल्या. त्याचा सर्वांत लहान ॲम्प्लिफायर म्हणजे चॅम्प. त्यात शेवटी एकच सिक्स-व्ही-सिक्स व्हॉल्व्ह आणि ताकद पाचेक वॅट. हाच व्हॉल्व्ह त्या काळच्या कित्येक घरगुती रेडिओंतही असे. मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये सिक्स-एल-सिक्स जातीची जोडी. हा व्हॉल्व्ह आरसीए कंपनीने १९३६ मध्ये आणलेला. तो लाउडस्पीकरच्या यंत्रणेत होता आणि हाय-फायमध्येही गेला. म्हणजे आमच्या वादातला अर्धा भाग खराच आहे: दोन्हींच्या पोटात बिऱ्हाड एकाच कुटुंबाचे.

फेंडरचे वेगळेपण मांडणीत होते. सुटे भाग एका पुठ्ठ्यासारख्या पट्टीवर ओळीने लावलेले, प्रत्येकाला हात पोहोचेल असे. कोणत्या जागी कोणता व्हॉल्व्ह, याचा तक्ता खोक्याच्या आत चिकटवलेला. खोके मजबूत, त्यावर प्रवासी बॅगांना लावतात तसले जाड कापड. कोणत्याही गावातला रेडिओवाला ते उघडून दुरुस्त करू शकेल, असा सारा हिशेब. गिटारमध्येही त्याने हेच केले. १९५० मध्ये त्याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, ती १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने ओळखली जाऊ लागली. तिची मान डिंकाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवलेली होती. बिघडली तर बदला! जुन्या घराण्यातले वाद्य बनवणारे हसले असतील. १९५१ मध्येच बास गिटार आली, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. या वाद्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, मी पुन्हा ॲम्प्लिफायरकडे वळतो.

लिओला हवा होता स्वच्छ आवाज. त्याचे सुरुवातीचे गिऱ्हाईक म्हणजे हवाईयन गिटारवाले आणि नाचाच्या बँडमधले वादक. त्यांना घंटेसारखा खणखणीत सूर हवा असे. वर्षामागून वर्षे निघालेल्या त्याच्या ॲम्प्लिफायरचे नकाशे ओळीने पाहिले तर एकच ध्यास दिसतो: ताकद वाढवा, फाटणे कमी करा. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन या तरुण इंजिनिअरने १९४७ मध्ये वायरलेस वर्ल्ड मासिकात एका घरगुती ॲम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. पंधरा वॅटचा तो ॲम्प्लिफायर हाय-फायचा मानदंड ठरला. विल्यमसनचाही ध्यास तोच, आवाज फाटू नये. पण त्याने त्यासाठी फार उंची आउटपुट ट्रान्सफॉर्मर मागितला आणि बाहेर पडणाऱ्या आवाजाचा अंश उलटा आत फिरवून चुका दुरुस्त करण्याची पद्धत भरपूर वापरली. फेंडरने हे उलट फिरवणे बेताने वापरले, काही ॲम्प्लिफायरमध्ये मुळीच नाही. त्याचा ट्रान्सफॉर्मर गिटारपुरता. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने देते. वीस कंपनांपर्यंत खाली उतरायला पैसे कशाला घाला? यात मला हिशेबनिसाची लेखणी दिसते.

मग घडले ते असे. १९५२ मध्ये त्याने बास गिटारसाठी बासमन नावाचा ॲम्प्लिफायर काढला. १९५९ च्या आवृत्तीत त्यात दहा इंची चार स्पीकर आणि सुमारे ४५ वॅटची ताकद होती. बासवाल्यांसाठी काढलेला हा ॲम्प्लिफायर साध्या गिटारवाल्यांनीच पळवला. त्यांनी त्याचे बटण पार शेवटपर्यंत फिरवले. असे केले की व्हॉल्व्हची कुवत संपते, लाटेचे शेंडे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले वरचे स्वर त्यात मिसळतात. लिओच्या लेखी हा दोष होता. वादकांना त्या दोषातच रंग सापडला. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातल्या मंडळींनी १९६२ च्या सुमारास बासमनच्याच आराखड्यावरून आपला पहिला ॲम्प्लिफायर बांधला, आणि रॉक संगीताचा तो गर्जणारा आवाज पुढे जगभर गेला.

आपल्या मिरजेचे तंबोरे ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना हे चटकन कळेल. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात, ती कशासाठी? तारेचा सरळ सूर थोडा विस्कटावा, त्यातून वरचे स्वर फुटावेत आणि नाद भरून यावा यासाठी. जवारी हा तंबोऱ्याचा दोष नाही, तो त्याचा प्राण आहे. पण रेकॉर्ड प्लेअरनेच जर प्रत्येक तबकडीला आपली जवारी लावायला सुरुवात केली, तर भीमसेनांचा आवाज, सनई आणि तबला सगळेच एका जातीचे ऐकू येईल. गिटारचा ॲम्प्लिफायर हे वाद्याचे अर्धे अंग आहे. हाय-फाय ॲम्प्लिफायर निरोप्या आहे, त्याने निरोपात स्वतःचे शब्द घालू नयेत. लिओ निरोप्या बनवायला निघाला होता आणि त्याच्या हातून वाद्य बनले.

तरी तो ऐकेना. १९६० च्या सुमारास डिक डेल हा तरुण वादक समुद्रकाठच्या बॅल्बोआ गावी इतक्या जोराने वाजवी की लिओने दिलेले ॲम्प्लिफायर आणि स्पीकर तो एकामागून एक जाळून टाकी. लिओने कपाळाला आठ्या घालण्याऐवजी त्याचा कार्यक्रम प्रत्यक्ष जाऊन ऐकला, अधिक मोठा ट्रान्सफॉर्मर बनवून घेतला आणि जेबीएल कंपनीचा पंधरा इंची स्पीकर त्याला जोडला. गंमत अशी की हा स्पीकर मुळात घरगुती हाय-फायच्या शौकिनांतही चालणारा होता! म्हणजे जी वस्तू आम्ही गिटारकडून घराकडे आणू पाहत होतो, तिचा प्रवास एकदा उलट दिशेनेही झाला आहे. १९६३ मध्ये आलेला ट्विन रिव्हर्ब हा त्याच्या स्वच्छ आवाजाच्या ध्यासाचा कळस. चार सिक्स-एल-सिक्स, सुमारे ८५ वॅट, आणि बटण बरेच फिरवले तरी आवाज फाटत नाही.

आता आमच्या प्रश्नाचा निकाल. गिटार ॲम्प्लिफायरला सरळ रेकॉर्ड प्लेअर जोडला तर पदरी निराशा येते, आणि तिचे मुख्य कारण पॉवर ॲम्प्लिफायर नव्हेच. पहिला अडथळा पुढच्या टप्प्याचा. फेंडरची जाड-बारीक आवाजाची बटणे अशी जुळवलेली असतात की मधले स्वर खाली दबतात. गिटारला ते खुलते, गाणाऱ्याचा गळा मात्र नेमका तिथेच असतो. दुसरा अडथळा स्पीकरचा. गिटारच्या कागदी स्पीकरमधून पाचेक हजार कंपनांच्या वर फारसे काही येत नाही, त्यामुळे झांज आणि सतारीची चमक तिथेच विझते. तेव्हा पुढचा टप्पा वगळून फक्त पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये आवाज द्यावा, अनेक नव्या ॲम्प्लिफायरना मागे त्यासाठी वेगळे भोक असते, आणि घरगुती स्पीकर योग्य ओहमचा जोडावा. स्टीरिओसाठी असे दोन लागतील. लहान खोलीत, बेताच्या आवाजात, ट्विनसारख्या स्वच्छ जातीचा पॉवर ॲम्प्लिफायर खरोखर बरा वाजतो. जाड स्वर थोडा ढिला आणि टोकाचा बारीक स्वर थोडा मवाळ, इतकेच. मात्र आवाज फाटेपर्यंत वाढवला तर घरगुती स्पीकरचा नाजूक ट्वीटर जळू शकतो. स्पीकर न जोडता तो चालू करू नये, ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती असते. आणि आत चारशे व्होल्टच्या वर दाब असतो, तो बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये दबा धरून राहतो. झाकण उघडण्याचे काम जाणत्या माणसाचेच. कॉमर्सवाला म्हणून माझे मत विचाराल तर दोन गिटार ॲम्प्लिफायरच्या किमतीत हाय-फायचा साधा व्हॉल्व्ह संच घ्यावा. कोणाकडे ते आधीच पडून असतील तर प्रश्न निराळा.

१९६० नंतर लिओची प्रकृती ढासळली. सायनसचा संसर्ग काही केल्या बरा होईना, आपले आता फार दिवस उरले नाहीत असे त्याला वाटू लागले. जानेवारी १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएस या बलाढ्य प्रसारण कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरला विकली. सहाशे डॉलरच्या उसनवारीपासून हा आकडा सत्तावीस वर्षांत उभा राहिला, तो मी वहीत एकाखाली एक लिहून पाहिला आहे. विक्रीनंतर काही काळाने दुसऱ्या एका डॉक्टराच्या उपचाराने तो बरा झाला! तोवर सौदा होऊन गेला होता. नव्या मालकांनी १९६६ मध्ये ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर आणले. ते वरचेवर बिघडत आणि काही वर्षांतच बंद पडले. वादक व्हॉल्व्हच मागत राहिले.

करारातली बंधने संपल्यावर लिओ पुन्हा कामाला लागला. जुन्या सहकाऱ्यांनी काढलेल्या म्युझिक मॅन कंपनीचा तो १९७५ मध्ये अध्यक्ष झाला. त्या कंपनीच्या ॲम्प्लिफायरमध्ये पुढचा टप्पा ट्रान्झिस्टरचा आणि पॉवर ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा असे. १९७९ मध्ये एस्थर कर्करोगाने गेली. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा लग्न केले, आणि जॉर्ज फुलर्टन या जुन्या मित्राबरोबर जी अँड एल नावाची तिसरी कंपनी काढली. कारखान्याच्या रस्त्याला त्याचेच नाव होते. पण आपल्याच आडनावाच्या गिटारशी त्याला आता बाजारात स्पर्धा करावी लागत होती. ते आडनाव तो विकून बसला होता.

उतारवयात त्याला पार्किन्सनच्या आजाराने गाठले. हात थरथरत, तरी रोज कारखान्यात येऊन तो आपल्या टेबलाशी बसे. मृत्यूच्या आदल्या दिवशीही तो कामावर होता. २१ मार्च १९९१ रोजी त्याने देह ठेवला, तेव्हा त्याचे वय ८१ होते. त्याची कामाची खोली, टेबलावरच्या हत्यारांसकट, सहकाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षे जशीच्या तशी ठेवली होती.